पॉप पंकचा बँड स्टेजवर का उभा राहत नाही

प्रश्न असा आहे: पॉप पंकच्या, म्हणजे पंक रॉकचा वेग आणि पॉपच्या सोप्या चाली असलेल्या गाण्यांच्या, व्हिडिओंमध्ये शाळेचे लॉकर, मॉल, गॅरेज, स्केटबोर्ड आणि फिशआय लेन्स (कडा गोल वाकवणारी, अतिरुंद) हेच पुन्हा पुन्हा का दिसतं? ही 1990 नंतरच्या त्या काळची फॅशन होती की यामागे काही व्याकरण आहे? आणि आज आपल्याकडच्या एखाद्या नव्या बँडला व्हिडिओ करायचा असेल तर त्यातलं काय उचलावं? मी म्युझिक व्हिडिओ आणि जाहिरातींचं संकलन करतो. हे व्हिडिओ कॉलेजात असताना भक्तिभावाने पाहिले, पुढे एडिट टेबलवर एकेक फ्रेम सरकवत पाहिले. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

व्याकरण आहे, आणि ते जागेपासून सुरू होतं. मेटलचा बँड स्टेजवर शोभतो, धूर आणि दिवे त्याचेच असतात. पॉप पंकचा बँड मात्र जिथे वाजवायला कुणी परवानगी देणार नाही तिथे ड्रम मांडतो. शाळेचं जिम, मॉल, शेजाऱ्याचं हिरवळीचं अंगण, एखाद्या श्रीमंताचा बंगला, भर चौक. गाण्यातला मुलगा किंवा मुलगी ज्या जागी अडकून पडली आहे, तीच जागा तीन मिनिटांसाठी ताब्यात घ्यायची. लेन्स, कपडे, कटिंग, विनोद हे सगळं या एका गोष्टीला धरून येतं.

ही जागा अमेरिकेतल्या उपनगरातून आली. या बँडची गावं बघा: ब्लिंक-182 सॅन दिएगोजवळच्या पोवेचा, गुड शार्लट मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फचा, न्यू फाउंड ग्लोरी फ्लोरिडातल्या कोरल स्प्रिंग्जचा, फॉल आउट बॉय शिकागोच्या कडेच्या विल्मेटचा, सम 41 कॅनडात टोरांटोशेजारच्या एजॅक्सचा. एकही मोठ्या शहराच्या पोटातला नाही. उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोरिवली-डोंबिवली येते: गर्दी, लोकल, नाक्यावरचा वडापाव. तिकडचं उपनगर याच्या अगदी उलट. एकसारखी घरं, प्रत्येकापुढे कापलेली हिरवळ, गॅरेज, आणि पुढे जाऊन बंद होणारा रस्ता. टपरी नाही, नाका नाही, धड बस नाही. सोळाव्या वर्षी गाडीचा परवाना मिळेपर्यंत मूल आईबापांच्या गाडीवर अवलंबून, आणि दारूचं कायदेशीर वय 21 असल्यामुळे बँड वाजतात त्या बारमध्येही शिरता येत नाही. मग उरतं काय? शाळा, घराचं तळघर किंवा गॅरेज, आणि मॉल. मॉल दिसतो सार्वजनिक, पण असतो खाजगी मालकीचा, त्यामुळे टवाळक्या करत बसलेल्या पोरांना सुरक्षारक्षक कधीही बाहेर काढू शकतो. गायिका एव्हरिल लव्हिनच्या 'कॉम्प्लिकेटेड'मध्ये (2002) टोळकं मॉलभर धुडगूस घालतं आणि रक्षक मागे धावतो. तो पाठलाग मला कधीच नुसता गमतीचा वाटला नाही. त्या वयाच्या मुलांना खरोखर जिथून हाकललं जायचं, तिथेच तो घडतो.

ग्रीन डे या बँडचं उदाहरण इथे वेगळं ठेवायला हवं. ते बर्कलीच्या 924 गिलमन स्ट्रीट या क्लबातून आलेले. हा क्लब कुठल्याही वयाच्या मुलांना आत घेणारा, म्हणजे वर सांगितलेल्या अडचणीवर काढलेला तोडगाच. तरीही 1994 च्या 'लाँगव्ह्यू'मध्ये काय दिसतं? ते राहत होते त्या घराचं तळघर, एक जुना सोफा, टीव्ही. गाण्यात मुलगा कंटाळलेला आहे आणि कॅमेराही कंटाळल्यासारखा त्याच खोलीत फिरत राहतो. शेवटी सोफा फाडला जातो आणि आतलं सगळं खोलीभर उडतं. दिग्दर्शक मार्क कोर. त्यांनीच त्याच वर्षी 'बास्केट केस' केलं, कॅलिफोर्नियातल्या एका मनोरुग्णालयाच्या इमारतीत. ते कृष्णधवल शूट करून नंतर रंगवलं, म्हणून त्यातले हिरवे-गुलाबी रंग त्वचेवर बसत नाहीत, वर तरंगतात. पुढच्या दहा वर्षांत या व्हिडिओंमध्ये जे भडक रंग दिसले, त्यांचं एक मूळ मला इथे दिसतं.

मागे गेलं तर वंशावळ आणखी लांब जाते. रमोन्स हा जुना पंक बँड ज्यात स्वतः वाजवतो तो 'रॉक अँड रोल हायस्कूल' हा 1979 चा सिनेमा शाळेचा ताबा घेण्याचीच गोष्ट सांगतो आणि शेवटी शाळा उडवून देतो. 1991 मध्ये दिग्दर्शक सॅम्युअल बेयरने निर्वाणा या बँडसाठी 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' केलं: शाळेचं जिम, चीअरलीडर, बाकांवरून खाली उतरणारी मुलं. फरक असा की निर्वाणाचं जिम काळपट-पिवळं आणि घुसमटलेलं आहे. पॉप पंकने तेच जिम घेतलं आणि दिवे लावले. याच बेयरने पुढे ब्लिंक-182 साठी 'स्टे टुगेदर फॉर द किड्स' केलं, त्यात पाडलं जाणारं घर आहे. पहिली आवृत्ती सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर बाजूला ठेवून पुन्हा शूट करावी लागली, कारण पडझडीची ती दृश्यं त्या दिवसांत कुणाला बघवली नसती.

स्केटबोर्डचंही तसंच. 1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला, लोकांनी घरामागचे पोहण्याचे तलाव रिकामे ठेवले, आणि सांता मोनिका-व्हेनिसकडची पोरं कुंपणावरून उड्या मारून त्यात स्केटिंग करायला लागली. मालक येईपर्यंत खेळायचं आणि पळायचं. म्हणून स्केटबोर्ड दाखवला की प्रेक्षकाला एवढं आपोआप कळतं: ही जागा यांची नाही, आणि यांना त्याची फिकीर नाही.

आता फिशआय. 1995 मध्ये सोनीचा व्हीएक्स1000 हा डिजिटल कॅमेरा आला. वर धरायला हँडल होतं, त्यामुळे तो जमिनीलगत धरून स्केटबोर्डवरूनच चित्रण करता यायचं. त्यावर फिशआय लावली की तीन कामं होतात. कॅमेरा पायांपासून वीतभर अंतरावर असूनही अख्खा माणूस फ्रेममध्ये मावतो. दोन पायऱ्यांची उडी दहा पायऱ्यांची वाटते. आणि हात हलला तरी हादरा कमी जाणवतो. पॉप पंकच्या दिग्दर्शकांनी ही लेन्स उचलली ती या कामांसाठी, आणि तिच्यासोबत एक अर्थही आला: कॅमेऱ्यामागे मित्र आहे. गायक लेन्सवर वाकतो, नाक मोठं दिसतं, जीभ काढतो. सुंदर दिसण्याची काळजी त्याने सोडली आहे हे एका शॉटमध्ये कळतं. नव्या मुलांना मी हेच सांगतो की फिशआय लावून माणूस लांब उभा केला तर हाती फक्त वाकडी भिंत लागते. लेन्स लावायची तर अंगावर जायला हवं.

माझ्या कामाचा गाभा म्हणजे कट, त्यावर जरा थांबतो. पॉप पंकच्या गाण्याची रचना फार स्पष्ट असते. कडव्यात गिटारच्या तारांवर तळहात टेकवलेला, आवाज दबका. ध्रुवपदात हात उचलला जातो आणि तारा मोकळ्या सुटतात. व्हिडिओ हीच विभागणी डोळ्यांना दाखवतो. कडव्यात गोष्ट चालते, मुलगा वर्गात, जेवणाच्या टेबलावर, गाडीच्या मागच्या सीटवर. फ्रेम स्थिर, माणूस कडेला किंवा कशाच्या तरी चौकटीत. ध्रुवपद आलं की बँड, कॅमेरा हातात, फ्रेम रुंद. दोन्ही जागा वेगळ्या ठेवल्या तर व्हिडिओ दोन तुकड्यांचा वाटतो. म्हणून चांगले दिग्दर्शक गोष्टीतल्या जागेतच बँड आणून उभा करतात. पहिल्या ध्रुवपदाला बँड रिकाम्या जागेत वाजवतो, दुसऱ्याला कडेला चार मुलं उभी असतात, शेवटच्याला सगळी जागा भरून गेलेली. फ्रान्सिस लॉरेन्सने केलेलं 'स्केटर बॉय' (2002) याचा उत्तम नमुना आहे. मुलं निरोप पसरवत जातात, चौकात गर्दी जमते, गायिका गाडीवर चढते आणि शेवटी पोलीस येतात. पोलीस आल्यावर व्हिडिओ संपतो. ताबा सुटला की सांगायचं काही उरत नाही.

आता आकडे. या गाण्यांची लय साधारण मिनिटाला 150 ते 200 ठोके. 180 ठोक्यांचं गाणं सेकंदाला 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर ठेवलं तर एका ठोक्याला बरोबर 8 फ्रेम मिळतात, चार ठोक्यांच्या आवर्तनाला 32, म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडं जास्त. प्रत्येक स्नेअरवर (ड्रमचा एक ठोका सोडून येणारा कडक आवाज) कट मारला तर दर 16 फ्रेमला शॉट बदलतो. दहा सेकंदांत डोळा थकतो आणि वेग जाणवेनासा होतो. त्यामुळे अनुभवी संकलक ध्रुवपदाची पहिली ओळ लांब शॉटमध्ये जाऊ देतो, दुसऱ्या ओळीपासून कट वाढवतो. ड्रमचा फिल, म्हणजे दोन ओळींच्या मधला भरगच्च तुकडा, आला की तिथे मात्र ठोक्याठोक्याला तोडतो आणि पुन्हा रुंद शॉटवर येऊन श्वास घेऊ देतो. 25 फ्रेमवर काम केलं तर त्याच ठोक्याला 8.33 फ्रेम पडतात, ग्रिडवर कट बसत नाही. मग कानाने कापावं लागतं, आणि एक फ्रेम आधी कापलेलं एक फ्रेम उशिरा कापलेल्यापेक्षा नेहमी बरं दिसतं.

उडीचंच बघा. ध्रुवपद सुरू होताना सगळा बँड उडी मारतो हा या व्हिडिओंचा सगळ्यात घासलेला शॉट आहे, तरी नीट केला तर दर वेळी अंगावर काटा येतो. पाय जमिनीवर टेकायला हवेत ते ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्यावर. म्हणजे उडी सुरू होते कडव्याच्या शेवटच्या ठोक्याला, अनेकदा तिथे गाण्यात क्षणभर शांतता असते. खालून घेतलेल्या जवळच्या शॉटमध्ये पाय उचलले जातात, माणूस हवेत असताना कट, आणि रुंद शॉटमध्ये सगळे एकदम खाली येतात. नवखे लोक उडीच्या सर्वोच्च बिंदूवर पहिला ठोका ठेवतात. चित्र छान वाटतं, पण आवाज आणि वजन यांची गाठ पडत नाही.

परफॉर्मन्सला धार आणायची आणखी एक जुनी युक्ती. कॅमेरा 24 ऐवजी 22 फ्रेमवर चालवायचा आणि सेटवर गाणं त्याच प्रमाणात, साधारण 92 टक्के वेगाने, वाजवायचं. पडद्यावर ओठ बरोबर जुळतात, पण मान आणि हात किंचित जास्त झटक्याने हलतात. सोबत शटर अरुंद करायचं, 180 अंशांऐवजी 90 किंवा 45, त्याने प्रत्येक फ्रेमवर कमी वेळ प्रकाश पडतो, म्हणजे ड्रमच्या काठ्यांची धूसर रेघ न दिसता प्रत्येक काठी ठसठशीत दिसते. घामाचे थेंबही वेगळे मोजता येतात. आणि हो, हिरवळीवर किंवा भर चौकात वाजवणाऱ्या या गिटारींना बहुतेकदा ना वायर असते ना अँप. त्याचं कुणाला काही वाटत नाही, हा प्रेक्षकाशी फार जुना करार आहे.

कपड्यांवर थोडक्यात: गुडघ्याखाली येणारी डिकीज पॅन्ट, खिळ्यांचा पट्टा, मनगटाला घामाची पट्टी, व्हॅन्सचे बूट, बनियनवर सैल सोडलेला टाय. टाय शाळेच्या गणवेशातला आहे आणि तो चुकीच्या कपड्यावर बांधला आहे, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं कळतं. गिटारचा पट्टा लांब, वाद्य मांडीपर्यंत खाली. त्याने वाजवणं अवघड होतं, पण मनगट आणि चेहरा एका फ्रेममध्ये येत नाही म्हणून दिग्दर्शकाला सतत कॅमेरा हलवावा लागतो, आणि ते या संगीताला मानवतं.

विनोदाकडे वळतो. एमटीव्ही या संगीत वाहिनीवर 1998 साली 'टोटल रिक्वेस्ट लाइव्ह' सुरू झालं. मुलं मत देत आणि बॉय बँड, ब्रिटनी स्पीअर्स, पंक सगळे एकाच यादीत एकामागून एक येत. त्यामुळे ब्लिंक-182 ची स्पर्धा दुसऱ्या पंक बँडशी नव्हती, बॅकस्ट्रीट बॉइजशी होती. मार्कोस सिएगाने 1999 मध्ये 'ऑल द स्मॉल थिंग्ज'मध्ये थेट त्यांचेच शॉट उचलले: विमानतळ, पांढरे कपडे, समुद्रकिनारा, एका रांगेत नाच. ते इतकं चोख केलं की ज्यांची नक्कल झाली त्यांच्याच चाहत्यांनी ते उचलून धरलं, आणि 2000 च्या एमटीव्ही पुरस्कारांत सर्वोत्तम समूहाच्या व्हिडिओचं पारितोषिक त्याला मिळालं. या विनोदात मला नेहमी एक अट पाळलेली दिसते: बँड स्वतःला वगळत नाही. 'व्हॉट्स माय एज अगेन?'मध्ये ब्लिंक-182 चे तिघे लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून नागडे धावतात, म्हणजे हसू आधी त्यांचं होतं. ज्या बँडनी ही अट सोडून फक्त इतरांची टर उडवली, त्यांचे व्हिडिओ आज उद्धट वाटतात.

आणि एका गोष्टीबद्दल मी स्पष्ट बोलणार. या व्हिडिओंमधल्या मुली. बऱ्याच व्हिडिओंत मुलगी ही बक्षीस असते किंवा दगाबाज, तिसरी भूमिका नाही. कॅमेरा तिच्याकडे बघतो, ती कुठे बघते हे कधी कळत नाही. जेसिका हॉपर यांनी 2003 मध्ये 'पंक प्लॅनेट' मासिकात इमो (पॉप पंकच्या जवळचं, अधिक हळवं) संगीतातल्या या गैरहजेरीवर लेख लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. एव्हरिलच्या व्हिडिओंत पहिल्यांदा टोळक्याची म्होरकी मुलगी झाली. पॅरामोरच्या 'मिझरी बिझनेस'मध्ये (2007, दिग्दर्शक शेन ड्रेक) गायिका हेली विल्यम्स बँडच्या मध्यभागी आहे, नारिंगी केस, अंगात वीज. पण गोष्ट बघा: शाळेतली दुष्ट मुलगी, आणि शेवटी तिचा मेकअप पुसून तिची फजिती. मुलगी विरुद्ध मुलगी ही जुनीच मांडणी. विल्यम्सनी 2018 मध्ये त्या गाण्याच्या शब्दांमुळे ते गाणं बाजूला ठेवत असल्याचं जाहीर केलं आणि 2022 मध्ये पुन्हा गायला सुरुवात केली. पेट्रा कॉलिन्सने ऑलिव्हिया रॉड्रिगोसाठी केलेलं 'गुड 4 यू' (2021) इथे पुढे जातं. चीअरलीडर, म्हणजे आजवर जिच्याकडे फक्त बघितलं गेलं ती, आता स्वतः राग धरून आहे आणि खोली पेटवते. कॅमेरा तिच्या बाजूने उभा आहे.

दुसरी गैरहजेरी वर्णाची. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीच्या गृहकर्जांवर जी उपनगरं उभी राहिली, त्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबांना पद्धतशीर बाहेर ठेवलं गेलं. त्या हिरवळींवर दिसणारे चेहरे गोरे आहेत ते म्हणून. 2003 मध्ये फेफी डॉब्सन, अलीकडे विलो आणि मीट मी अ‍ॅट द ऑल्टर या गोऱ्या नसलेल्या कलाकारांनी तीच चौकट घेतली, तेव्हा तिच्या कडा पहिल्यांदा ठळक दिसल्या.

2004 च्या आसपास रंग उतरले. मार्क वेबने माय केमिकल रोमान्ससाठी 'आय अ‍ॅम नॉट ओके'चा व्हिडिओ एखाद्या शाळापटाच्या ट्रेलरसारखा बांधला आणि पुढच्याच वर्षी 'हेलेना'मध्ये त्याच बँडला अंत्यसंस्काराच्या वेळी चर्चमध्ये उभं केलं. भडक हिरव्याजागी काळा-लाल आला, शॉर्ट्स जाऊन सूट आले. तरी पाया तोच: शोकसभेत वाजवायला परवानगी नसते.

तर आता तुमच्या बँडसाठी. लॉकर उभारू नका. आपल्या शाळांत लॉकर नसतात, आणि उसनी जागा पहिल्याच फ्रेममध्ये उघडी पडते. गाणं ज्या मुलाचं आहे तो कुठे अडकला आहे हे विचारा. अभ्यासिका, कोचिंग क्लासची पायऱ्यांपर्यंत भरलेली चपलांची रांग, सोसायटीचं पार्किंग जिथे चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी लावलेली असते, गच्चीचं कुलूप. चिडणारे सेक्रेटरी काका आपल्याकडे मॉलच्या रक्षकाचं काम चोख करतील, फक्त त्यांना व्यंगचित्र बनवू नका, खऱ्या माणसासारखं चिडू द्या. जागा एकच घ्या आणि ती तीन ध्रुवपदांत भरत न्या.

परवानगी न मागता घुसल्यासारखं दिसायला हवं, पण परवानगी लेखी घ्या. रात्री 10 नंतर स्पीकरवर गाणं लावता येत नाही, तेव्हा रात्रीचं दृश्य असेल तर ड्रमरच्या कानात इअरफोन द्या, बाकीचे त्याच्या काठ्यांकडे बघून वाजवतील. झांजांना खालून टेप लावली तर आवाज मरतो आणि चित्रात कळत नाही. ब्रिजसाठी (शेवटच्या ध्रुवपदाआधी येणारा वेगळा भाग) स्लो मोशन हवं असेल तर 48 फ्रेमवर दुप्पट वेगाच्या गाण्यासोबत घ्यावं लागेल, आणि 180 ठोक्यांचं गाणं 360 वर कुणालाही गाता येत नाही. म्हणून स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायची ओळ ब्रिजमधली, लांब सुरांची निवडा आणि तिचा सराव घरी करून या. शूटच्या दिवशी सगळ्यात आधी अख्खं गाणं एका रुंद शॉटमध्ये, न थांबता, दोन वेळा घ्या, म्हणजे एडिटमध्ये कुठेही अडलं तरी परत जायला जागा राहते. उड्या त्यानंतर लगेच. संध्याकाळपर्यंत पाय उचलले जात नाहीत, आणि कॅमेऱ्याला ते दिसतं.